हसलेले अनारसे

धोंड्याचा महिना लागला की माझं डोकं फिरतं, हे आमच्या गारखेड्याच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. दर तिसऱ्या वर्षी येणारा अधिक महिना, त्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरण भरून उकडलेले धोंडे तुपासोबत खाऊ घालायचे, ताम्हनात तेहतीस अनारसे ठेवून, वर दिवा लावून, ते जावयाच्या हाती द्यायचे आणि दोघांना वाटेला लावायचं. एवढंच. माझ्या आईनं पाचोडला माझ्या पहिल्या धोंड्याला एवढंच केलं होतं. वडिलांनी बाजारातून गूळ आणला, आईनं चूल पेटवली, आमचे हे पाटावर बसले, पाय धुतले, जेवले आणि दुपारच्या एस.टी.नं आम्ही परत आलो. तेहतीसच का, असं मी तेव्हा आईला विचारलं होतं. ती म्हणाली, तेहतीस म्हणजे तेहतीस, शाळेत शिकवतेस तर मोजून घे.

आता एवढ्यावर कुणाचं भागत नाही. हॉल घेतात. स्टेज घालतात. आमच्याच गल्लीत एकांनी जावयाला कोपऱ्यापासून दारापर्यंत बँड लावून आणला. त्या बिचाऱ्या पोराला इतकं लाजल्यासारखं झालं की तो तोंडाला रुमाल लावूनच चालत होता. मी गॅलरीतून बघितलं आणि यांना म्हटलं, बघा, वाजतगाजत बळी चाललाय. हे म्हणाले, हळू बोल, ऐकू जाईल. आमचे हे आयुष्यभर कारकुनी करून निवृत्त झाले, त्यामुळं त्यांना सगळं हळू बोललेलं आवडतं. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांवर ओरडले. आमचं दोघांचं कसं जमलं ते देवाला माहीत.

तर यंदाच्या अधिक श्रावणात आमची पाळी आली. आम्हाला एकच लेक. दीड वर्षापूर्वी तिचं लग्न झालं, म्हणजे हा तिचा पहिला धोंडा. सासर बीड बायपासला. दोन मजली बंगला, दारात दोन गाड्या, शेती आहे, दुकान आहे. जावई गुणी, बोलायला गोड. व्याहीबुवा हसतमुख. आणि विहीणबाई.

विहीणबाईंबद्दल काय सांगू. लग्नात त्या माझ्याशी मोजून चार वाक्यं बोलल्या, त्यातलं एक होतं, ‘‘भात मऊ झालाय.’’ बाकीची तीनही अशीच होती. त्या बघायच्या आणि गप्प राहायच्या, आणि ते गप्प राहणं बोलण्यापेक्षा वाईट. शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा मी कधी घाबरले नाही, उलट त्यांनाच दोन प्रश्न विचारायची. पण या बाईसमोर माझ्या तोंडचं पाणी पळायचं. त्यांच्या घरी गेलं की पदर नीट आहे का, बोलण्यात काही चुकलं का, हेच मनात.

महिना लागून आठवडा झाला नाही तोच त्यांच्या मोठ्या सुनेच्या माहेरच्यांनी धोंडा केला. हॉलमध्ये. जावयाची पेढ्यांनी तुला केली. लेकीनं मला फोटो पाठवले. एका पारड्यात तिचे मोठे दीर मांडी घालून बसलेत, दुसऱ्यात पेढ्यांची खोकी, आणि मागं फुलांनी लिहिलेलं त्यांचं नाव. फोटोंखाली लेकीनं एक अक्षर लिहिलं नव्हतं. तासाभरानं तिचा फोन आला.

‘‘आई, तू काही जास्त करू नको हं.’’

‘‘नाही करणार.’’

‘‘म्हणजे, जे करशील ते चालेल हं.’’

आईला लेकीचा ‘हं’ कळतो. ती मला काही मागत नव्हती. ती फक्त घाबरली होती. जाऊबाईंचा धोंडा सगळ्या भावकीनं बघितला, आता हिचा बघणार. आपल्या साधेपणामुळं माझ्या पोरीला त्या घरात मान खाली घालावी लागेल का, एवढी एकच भीती माझ्याही मनात शिरली आणि तिथंच बसली. दुसरं काही सुचेना.

‘‘आपणही हॉल बघू,’’ हे म्हणाले.

‘‘कशाला? अनारसे काय तुमचा हॉल तळणार आहे का?’’ मी त्यांच्यावरच खेकसले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना न सांगता हॉल बघायला गेले. खोटं कशाला बोलू. साधेपणाच्या गोष्टी मी तोंडानं करत होते, पाय मात्र हॉलकडं चालले होते.

तिथं एक तरुण मॅनेजर होता, कुठून तरी बाहेरून आलेला. शर्टाची बाही दुमडून त्यानं वही उघडली आणि विचारलं, ‘‘मॅडम, थीम काय ठेवायची?’’

मी म्हटलं, ‘‘थीम कसली? धोंडा आहे.’’

त्यानं पेन थांबवलं. जरा विचार केला. मग म्हणाला, ‘‘धोंडा म्हणजे दगड ना? आपण रॉक थीम करू शकतो, मॅडम. थर्मोकोलचे दगड येतात. मागं धबधबा पण देऊ.’’

त्याच्या तोंडाकडं बघून कळलं की तो चेष्टा करत नव्हता. मी ‘बरं, कळवते’ म्हणून उठले आणि रिक्षात बसल्यावर मला माझाच राग आला. आईनं चुलीपुढं बसून जे केलं त्यामागं मी थर्मोकोलचा धबधबा लावायला निघाले होते. घरी येऊन यांना सांगितलं, धोंडा घरीच होईल, पाटावर होईल, अनारसे मी करीन, आणि कुणाला नाक मुरडायचं तर मुरडू दे. हे म्हणाले, मी तर काहीच म्हटलं नाही.

अनारसे म्हणजे खेळ नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत फडक्यावर वाळवायचे, अगदी कोरडे नाही, अगदी ओले नाही. मग दळून त्यात गूळ कालवून गोळा मुरत ठेवायचा. आमच्या आठवड्यात पावसानं ठाण मांडलं होतं. फडक्यावरचे तांदूळ दोन दिवसांतही वाळेनात. मी पंखा लावला, हेअर ड्रायर लावला. हे म्हणाले, अजून एक दिवस थांब. मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय. आणि तसेच दळले. गूळ कालवला तेव्हा पीठ हाताला जरा सैल लागलं होतं. मला कळलं होतं. पण मी माझ्या तोऱ्यात होते.

आमच्या माहेरची रीत अशी, की वाणाचे अनारसे आदल्या दिवशी तळून ठेवायचे नाहीत, त्याच सकाळी आंघोळ करून तळायचे. पाहुणे बारापर्यंत येणार होते, म्हणजे मला भरपूर वेळ होता. मी साडेनऊला कढई ठेवली आणि दारात गाडी वाजली. व्याहीबुवांना म्हणे गर्दीच्या आत निघायला आवडतं. लेक-जावई आणि व्याही-विहीण, चौघंही आले. यांनी त्यांना पुढच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं, आणि यांच्या हळू आवाजातल्या गप्पा सुरू झाल्या. मी आत, गॅसवर तूप, आणि कपाळावर घाम.

पहिला अनारसा खसखशीवर थापला, तुपात सोडला. तो फुलला नाही. कडेनं विरघळत, सुटत, तुपभर पसरला. याला आमच्याकडं ‘अनारसा हसला’ म्हणतात. म्हणूनच माझी आई अनारसे तळताना चुलीजवळ कुणाला बोलू द्यायची नाही, हसू तर मुळीच द्यायची नाही. मी तर एकटी होते, आणि तोंडातून शब्द काढला नव्हता. दुसरा सोडला, तोही हसला. आच कमी केली, तिसरा हसला. आच वाढवली, चौथा हसून काळा झाला. सात अनारसे सोडले, सातही फिदीफिदी हसले. तूप गढूळ झालं. पुढच्या खोलीत विहीणबाई बसल्या होत्या, आणि मी झाऱ्यानं चुरा काढून ताटात टाकत होते.

लेक आत आली. ताट बघून तिचा चेहरा उतरला.

‘‘आई, मी पटकन दुकानातून आणू का? गुलमंडीला मिळतात तयार. कुणाला कळणार नाही.’’

‘‘कळणार नाही म्हणजे काय? मला कळेल.’’

‘‘अगं, पण तेहतीस लागतात ना.’’

‘‘मोजता येतं मला.’’

तिनं कढईत बघितलं, तिथं आठवा अनारसा आरामात पसरत चालला होता, आणि तिनं ओढणी तोंडात कोंबली. तिचे खांदे हलायला लागले. मी म्हटलं, लाज वाटते का, इथं माझी अब्रू चाललीय. आणि बोलता बोलता मलाच रडू आलं. चांगलं धो धो रडू आलं. मी तिला म्हटलं, ‘‘तुझ्यासाठी करत होते गं. तुला तिथं कुणी काही बोलू नये म्हणून.’’ ती हसायची थांबली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

‘‘हसले का?’’

दारात विहीणबाई उभ्या होत्या. धोंड्याच्या दिवशी विहीण स्वयंपाकघरात पाय टाकत नाही. तिनं पुढं बसायचं, मान घ्यायचा, फार तर पाण्याचा पेला हातात धरायचा. मी पदरानं तोंड पुसलं. आता ही बाई काय बोलेल, या विचारानं मी चुऱ्याचं ताट मागं सरकवलं.

त्यांनी ताटातला चुरा बघितला, कढई बघितली, डब्यातला गोळा दोन बोटांनी दाबून बघितला. मग साडीचा घोळ कमरेला खोचला.

‘‘सरका. तांदळाचं कोरडं पीठ हाय का घरात?’’

मी डबा दिला. त्यांनी मूठभर पीठ घेऊन गोळ्यात मळलं, चव बघितली, आणखी अर्धी मूठ घातली. लेकीला म्हणाल्या, ‘‘हे तूप गाळून आण, फडक्यातून.’’ मला म्हणाल्या, ‘‘पावसाळ्यात तांदूळ वाळत नसतो, बाई. पण तुम्ही पडलात मास्तरीण, तुम्हाला कोण शिकवणार?’’

मला झोंबलं. पण मी गुमान बाजूला सरकले. त्यांनी अनारसा थापला, सोडला, झाऱ्यानं हळूच वरून तूप उडवलं. तो जागच्या जागी फुलला, जाळी पडली, खसखस वर दिसायला लागली. लेकीनं माझ्याकडं बघितलं. माझा जीव भांड्यात पडला.

मला वाटलं आता स्वतःहून सांगून टाकावं. म्हटलं, ‘‘विहीणबाई, आम्ही हॉल नाही केला.’’

‘‘बरं केलं.’’ त्या कढईकडंच बघत होत्या. ‘‘मागच्या आठवड्यात हॉलात जेवले. पोराला पेढ्यांत तोलला, फोटो झाले, आईस्क्रीम झालं. पानात धोंडा काय आला नाय. आचाऱ्याला विचारलं तर म्हणे मेनूत नव्हता.’’

आम्ही तिघी हसलो. त्यांच्या हाताखालचा अनारसा काही हसला नाही.

‘‘तुमचा हात चांगला आहे,’’ मी म्हटलं. ‘‘आईनं शिकवलं?’’

‘‘आई कुठली. मी चौथीत असताना गेली. वडील त्याच्या आधी. इथंच छावणी भागात मामा होता, त्यानं वाढवलं. मामीला चार पोरी. चौघींच्या धोंड्याला मीच तळायचे. माझ्या हातचा हसत नाय म्हणून मामी मलाच बसवायची.’’

‘‘आणि तुमच्या धोंड्याला कोण तळायचं?’’

मी सहज विचारलं होतं. त्यांनी झारा कढईच्या काठाला टेकवला.

‘‘माझा कुठं झाला? मामी म्हणाली होती, पुढच्या अधिकात बोलवू. मग मामा गेला.’’ त्यांनी पुढचा अनारसा थापायला घेतला. ‘‘चाळीस वर्षं झाली लग्नाला. चौदा-पंधरा अधिक महिने आले अन् गेले. यांना अजून ठाऊक नाय सासुरवाडीचा धोंडा कसा लागतो ते. तूप तापलं बघा, गॅस कमी करा.’’

मी गॅस कमी केला. दुसरं काय करणार होते? दीड वर्ष मी या बाईला घाबरत होते. तिच्या गप्प राहण्यात मला माझ्या चुका दिसायच्या. आणि ती तर माझ्या लेकीचा पाट, रांगोळी, ताम्हन, सगळं बघून कदाचित दुसरंच काही मोजत असेल. मला माझी लाज वाटली आणि तिच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की काही क्षण मला चुरा भरलेलं ताट उचलावं की ठेवावं तेही कळेना.

पीठ पुरलं तेवढे त्यांनी तळले. लेकीनं मोजले, पंचेचाळीस भरले.

मग धोंडा झाला. पाटावर लेक-जावई बसले. यांनी जावयाचे पाय धुतले, मी पुसले, कुंकू लावलं. तेहतीस अनारशांचं ताम्हन, वर तुपाचा दिवा, जावयानं दोन्ही हातांनी घेतलं. लेकीची ओटी भरली, तिला घेतलेली मोरपंखी साडी दिली. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. तिचा चेहरा बघितला, त्यावर ‘हं’ कुठं नव्हता.

मी विचार करून बोलणारी बाई नाही. मी यांना म्हटलं, ‘‘पाट उचलू नका. आणखी एक जावई बसायचाय.’’

‘‘कोण?’’

‘‘व्याहीबुवा.’’

व्याहीबुवा मोठ्यानं हसले. म्हणाले, ‘‘काय चेष्टा लावलीय? अहो, मी पासष्टी पार केली. सासऱ्यांपेक्षा जावईच सहा वर्षांनी मोठा होईल.’’ आमच्या यांचे केस अजून निम्मे काळे आहेत, तेही ओशाळून हसायला लागले. मग व्याहीबुवांनी बायकोकडं बघितलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभ्या होत्या. व्याहीबुवांचं हसू आपोआप थांबलं. त्यांनी खाली बसून पायमोजे काढले, घडी करून खिशात ठेवले, आणि गुपचूप पाटावर जाऊन बसले. शेजारचा पाट रिकामा होता. मी विहीणबाईंना हाताला धरून आणलं आणि बसवलं.

यांनी व्याहीबुवांच्या पायांवर पाणी घातलं. अनारसे बाराच उरले होते. एकवीस कमी पडत होते, म्हणून मी हसलेल्यांच्या चुऱ्यातले एकवीस तुकडे निवडून ताम्हनात ठेवले. शास्त्रात हे बसतं का मला ठाऊक नाही, मी बसवलं. ओटीला नारळ होता, तांदूळ होते, खण होता, साडी मात्र नव्हती. माझी नजर इकडंतिकडं फिरते तोवर लेकीनं आपल्या मांडीवरची मोरपंखी साडी उचलून माझ्या हातात दिली.

‘‘ही दे, आई. मला नंतर घे.’’

विहीणबाईंनी पदर पसरला. ओटी घेतली. मग उठून माझ्या पायांकडं वाकल्या. मी मागं सरले, म्हटलं, अहो असं काय करता, तुम्ही मोठ्या आहात माझ्यापेक्षा. त्या म्हणाल्या, ‘‘गप उभ्या राहा,’’ आणि नमस्कार करूनच उठल्या.

जेवायला सगळे खाली पंगतीत बसलो. धोंड्यांवर तुपाची धार धरली. व्याहीबुवांनी तीन धोंडे खाल्ले, चौथ्याला नको म्हणाले, आणि मी खरंच वाढला नाही तर रुसले. म्हणाले, जावयाला एकदा नको म्हणू दिलं की लगेच थांबायचं का, हे कुठलं सासर. जावई आपल्या वडिलांकडं बघतच राहिला. मी त्यांना चौथा वाढला आणि पाचवाही. लेक वाढता वाढता चुरा दुधात कालवून खात होती आणि म्हणत होती, हाच जास्त चांगला लागतोय.

जेवणं झाली. विहीणबाई म्हणाल्या, ‘‘जरा पाठ टेकते.’’ मी त्यांना मागच्या खोलीत चटई आणि उशी दिली. पुढं आम्ही पान खात बसलो. तीन वाजले. साडेतीन झाले. पाऊस सुरू झाला, यांनी खिडकी लावली. चार वाजले. मी हळूच डोकावून आले. विहीणबाई कुशीवर झोपल्या होत्या, हाताची उशी करून, तोंड थोडं उघडं, मोरपंखी साडीची पिशवी पोटाशी.

व्याहीबुवा घड्याळ बघू लागले. त्यांना पाचला कुणाकडं तरी जायचं होतं.

लेक माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘‘आई, मी त्यांना दिवसा झोपलेलं कधीच बघितलं नाही.’’

जावयानं ऐकलं. तो म्हणाला, ‘‘मी तीस वर्षांत नाही बघितलं.’’

व्याहीबुवा उठले. ‘‘उठवतो तिला. उशीर होतोय,’’ म्हणाले आणि मागच्या खोलीकडं निघाले. मी उठून दारात आडवी उभी राहिले.

‘‘बसा, जावईबापू,’’ मी म्हटलं. ‘‘माहेरवाशिणीला उठवत नसतात.’’

ते बसले.